पिलाची शाळा होळीच्या आत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा चावल्याची बातमी आली की वाचकांच्या पत्रांत दोन फळ्या पडतात. एक नगरपालिकेला धारेवर धरते, दुसरी भूतदयेची आठवण करून देते. दोघींच्या डोळ्यांपुढे भटकं कुत्रंच असतं. पण दूधवाल्याची पोटरी धरणारं, शेजारच्या पोराच्या अंगावर जाणारं कुत्रं गळ्यात पट्टा असलेलंही असतं. त्याची बातमी होत नाही, कारण मामला गल्लीतच मिटतो. ते असं का झालं, याचं कारण पुष्कळदा ते अडीच-तीन महिन्यांचं असतानाच घडून गेलेलं असतं. हे पत्र त्या दिवसांबद्दल आहे. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त लसीचा आणि रेबीजचा मजकूर ठेवा.

आपल्याकडे या विषयाला हंगाम आहे. गावातल्या कुत्र्या बहुतकरून पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर वितात. खळ्याच्या कडेला, गोठ्यामागे, बांधकामाच्या वाळूत मार्गशीर्षात झालेली पिलं माघापर्यंत हिंडती-फिरती होतात. मग मुलं ती उचलून घरी आणतात, किंवा सालदार एखादं मळ्यावर नेतो. पिलाचा माणसाळण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं आणि त्यातून काही वाईट झालं नाही, ते सगळं पिल्लू आपल्या जगातलं धरून चालतं. पुढे कल उलटतो, नवं काही दिसलं की आधी संशय. म्हणजे मार्गशीर्षातल्या पिलाची ही शाळा होळीच्या आसपास सुटते. नंतर शिकवता येत नाही असं नाही, पण आठवड्याच्या कामाला महिने लागतात.

यातले पहिले आठवडे आईचे. आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी दंगा करताना जास्त जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. जबडा किती दाबायचा, हा धडा पिलाला तिथे मिळतो. चार-पाच आठवड्यांचं असताना ‘दूध पितंय ना, मग झालं’ म्हणून आणलेलं पिल्लू पुढे हाताला, पायजम्याला, साडीच्या काठाला लोंबकळत राहतं, ते पुष्कळदा हा धडा बुडाल्यामुळे. विकत घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की श्वानपैदास व विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. तेव्हा आपल्या हाती उरतात फार तर सहा आठवडे.

आणि नेमक्या त्याच सहा आठवड्यांत आपण पिलाला ओट्याच्या खांबाला बांधून टाकतो. यामागे दोन समजुती आहेत. पहिली अशी की राखणीचं कुत्रं कडक हवं, म्हणून लहानपणी कोणाचा हात लागू द्यायचा नाही, कोणाशी ओळख होऊ द्यायची नाही, जमलं तर भाकरीला ठेचा लावून द्यायचा. असं वाढलेलं पिल्लू कडक होत नाही, भित्रं होतं. लांबून दोघांचं भुंकणं सारखंच वाटतं, म्हणून फसगत होते. हद्द राखण्याची वृत्ती कुत्र्यात वयात येताना, वर्ष-दीड वर्षात आपसूक उमटते, ती बांधून आणावी लागत नाही. ज्याने लहानपणी पन्नास तऱ्हेची माणसं पाहिली, त्याला रात्री दोन वाजता कुंपणाशी वाकून चालणारा माणूस वेगळा आहे हे कळतं. ज्याने घरची चारच पाहिली, त्याला मीटर बघायला आलेला माणूस, टोपीवाले आजोबा आणि चोर सगळे सारखेच. ठेच्याने तिखट होतं ते फक्त पिलाचं पोट.

दुसरी समजूत अर्धी खरी आहे, म्हणून जास्त नडते : ‘सगळ्या लसी होईपर्यंत बाहेर काढू नका.’ पार्वो, डिस्टेंपर वगैरे पिलांच्या जीवघेण्या रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचतात आणि या मालिकेतला शेवटचा डोस सोळा आठवडे भरल्यावर देतात. पुन्हा पुन्हा का, तर आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिलाच्या अंगात असेपर्यंत ती लसीलाच निकामी करते, आणि ती कोणत्या पिलात कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून ‘एक टोचली, काम झालं’ हा हिशेब चुकतो. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे पशुवैद्यक सांगतील तसा बूस्टर. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, आणि दर वेळी वजन करून. आणखी एक, लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. दुकानातून घेऊन शर्टाच्या खिशात घालून उन्हातून आणलेली लस टोचली, तर कार्डावर शिक्का उमटतो, अंगात काही उमटत नाही. बर्फ घातलेला थर्मास न्यावा, नाहीतर दवाखान्याच्या फ्रीजमधलीच घ्यावी.

पण सोळा आठवडे थांबलं तर शाळा सुटून जाते. यातून वाट अशी : पहिली लस टोचून सात दिवस झाले की पिल्लू रोज बाहेर न्यायचं, पण त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. कडेवर न्या, टोपलीत न्या, बाजाराच्या कापडी पिशवीत मुंडकं बाहेर काढून न्या. खाली सोडायचं ते आपल्या गच्चीवर, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत अशा अंगणात, किंवा लसी पूर्ण झालेल्या शांत मोठ्या कुत्र्याच्या घरी. उकिरडा, आठवडे बाजार, मटण-मच्छीच्या दुकानामागचा भाग इथे अजिबात नाही. दवाखान्याच्या फरशीवरही नाही, कारण आजारी पिलं तिथेच येऊन जातात. तिथे मांडीवर धरून बसावं.

पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तग धरतो. फिनाइलवर विसंबू नये. फरशी आधी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी ओतून दहा मिनिटं ठेवावं लागतं, पिल्लू लांब ठेवून. पिलाने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, रक्ताळ घाण वासाची हगवण लागली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. उद्यापर्यंत पाणी सुकून पिल्लू गेलेलं असतं.

आता दाखवायचं काय आणि कसं. रोज एक-दोन नव्या गोष्टी, पाच-दहा मिनिटं, पुरे. पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, मिक्सर, शाळा सुटल्यावरचा पोरांचा लोंढा, काठी टेकत येणारे म्हातारे, डोक्यावरून पदर घेतलेली बाई, हेल्मेट न काढता बोलणारा माणूस, छत्री उघडताना, गाय-बैल, शेळ्यांचा कळप, भुसावळसारख्या ठिकाणी मालगाडी. लग्नसराईत बँड आणि डीजे आपल्या खानदेशात शोधावे लागत नाहीत, ते घरी चालून येतात. चूक होते ती अंतरात. लोक पिल्लू थेट डीजेसमोर नेऊन ‘सवय होऊ दे’ म्हणतात. त्याने सवय होत नाही, धसका बसतो, आणि या वयातला धसका वर्षानुवर्षं निघत नाही.

अंतर मोजायचं माप सोपं आहे. हातात खाऊ ठेवा. पिल्लू आवाज ऐकतंय, तिकडे बघतंय आणि तरीही खातंय, म्हणजे अंतर बरोबर. खाऊ नाकारला, म्हणजे फार जवळ आलात, वीस-तीस पावलं मागे फिरा. क्रमही महत्त्वाचा : आधी ट्रॅक्टर दिसला, मग तोंडात खाऊ. उलट केलंत, आधी खाऊ दाखवून जवळ ओढत नेलंत, तर पिल्लू खाऊवरच संशय घ्यायला शिकतं. शेपूट पोटाखाली, कान मागे, झोप नसताना जांभई, नाक-ओठ सारखे चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, एकदम पुतळ्यासारखं थिजणं, ही सगळी ‘पुरे’ म्हणण्याची भाषा आहे. गुरगुरणंसुद्धा. गुरगुरल्याबद्दल फटका दिला तर पिल्लू गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं. पाहुण्यांनी पिल्लू या हातातून त्या हातात फिरवू नये. माणसाने खाली बसावं, पिल्लू आपणहून येऊ द्यावं, डोक्यावरून नाही तर छातीला, हनुवटीखाली खाजवावं, आणि तीन सेकंदांनी हात काढून बघावं. परत आलं तर हवंय, दूर गेलं तर नको.

मार्गशीर्षातल्या पिलाची पहिली दिवाळी अकराव्या महिन्यात येते, पण फटाक्यांची तयारी माघातच करावी लागते. मोबाइलवर फटाक्यांचा, ढगांच्या गडगडाटाचा आवाज अगदी बारीक लावून जेवणाच्या वेळी पाच मिनिटं ऐकवायचा. पिल्लू जेवत राहिलं तर दोन दिवसांनी आवाज एक घर वाढवा, ताट सोडून गेलं तर दोन घरं उतरवा. हे फार कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही.

खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा, दिवसभराचा मिळून एकूण खाण्याच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ नये. उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी, पनीर. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तर पिकल्या केळ्याचा तुकडा हाताशीच असतो, तोही थोडा थोडा चालतो. साल नको, आतड्यात अडकते. शेव देऊ नये, त्यात मीठ आणि तिखट दोन्ही. भरीत तर नाहीच. वांग्याने काही होत नाही, पण त्यातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर जातात, चॉकलेटही विषारी. शिजवलेली हाडं तडकून टोकदार होतात. जेवण दोन-तीन महिन्यांच्या पिलाला दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. नुसत्या दूध-भाकरीवर वाढत्या पिलाला प्रथिनं पुरत नाहीत, आणि गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिलांना ढाळ लागतात.

शब्दांचा घोळ हा आपल्या घरांचा खास आजार आहे. आजी म्हणते ‘आठे ये’, आई म्हणते ‘इकडे ये’, इंग्रजी शाळेतला नातू म्हणतो ‘कम हिअर’. पिल्लू तिघांकडेही बघत उभं राहतं आणि मग ‘ढ आहे’ असं ठरतं. अहिराणी ठेवा, मराठी ठेवा, इंग्रजी ठेवा, कुत्र्याला काही फरक पडत नाही, पण एका कामाला घरात एकच शब्द. बस, ये, थांब, सोड, चल, हे पाच शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा. शब्द एकदाच म्हणायचा. ‘बस, बस, अरे बस ना’ असं दहादा म्हटलं की पिलाच्या लेखी दहाव्यांदाच बसायचं असतं. ‘ये’ला तर फार जपावं. ‘ये’ म्हणून बोलावलं आणि अंघोळ घातली, बांधलं किंवा रागावलं, की तो शब्द बाद. या गोष्टींसाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

घरात शू करण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त चिडतात, आणि त्यात पिलाचा दोष सगळ्यात कमी असतो. महिन्यांचं वय अधिक एक, इतके तास फार तर त्याला धरवतं, म्हणजे दोन महिन्यांच्या पिलाला तीन तास, तेही झोपेत. जागं असताना दर तासा-दोन तासांनी, शिवाय झोपून उठल्याबरोबर, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आणि खेळ संपला की लगेच बाहेर न्यायचं. लसी पुऱ्या होईपर्यंत ‘बाहेर’ म्हणजे आपलंच अंगण किंवा गच्ची. दर वेळी तीच जागा, हातात दोरी, आपण गप्प उभं राहायचं. उरकलं की दोन सेकंदांच्या आत तिथेच खाऊ, घरात येऊन नाही. आणि उरकल्याबरोबर आत ओढू नका, थोडं खेळू द्या. शू केली की मजा संपते असं कळलं, तर हुशार पिल्लू शू लांबवायला शिकतं. घरात झालीच तर नाक घासणं, चापट मारणं यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही, आणि मग पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे करू लागतं. शहाबादी फरशीत वास मुरतो. फिनाइलने आपल्याला तो येईनासा होतो, पिलाला येतच राहतो. आधी पाणी टिपून घ्या, मग खायचा सोडा शिंपडून तासाभराने पुसा.

दातांचं. दुधाचे २८ दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात आणि सगळं चावलं जातं. जुनी चप्पल खेळायला दिलीत तर नवीही जाणार, त्याला जुन्या-नव्याचा भेद कळत नाही. सुती फडक्याला गाठी मारून, भिजवून फ्रीजरमध्ये गोठवा आणि ते द्या, समोर बसून, तुकडे गिळत नाही ना ते बघत. हात धरला तर हात सैल सोडायचा, झटका देऊन ओढायचा नाही, ओढलं की पाठलागाचा खेळ होतो. उठायचं, पाठ फिरवायची, वीस-तीस सेकंद काही नाही. संध्याकाळी पिल्लू वेड्यासारखं चावत सुटलं तर बहुधा ते दमलेलं असतं. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते आणि घरातली पोरं ती होऊ देत नाहीत. झोपलेल्या आणि जेवणाऱ्या पिलाला हात लावायचा नाही, हा नियम पिलासाठी नाही, पोरांसाठी आहे.

‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून जेवत्या ताटात हात घालण्याची पद्धत तर बंदच व्हावी. त्यातून पिल्लू ताट राखायला शिकतं. उलट जवळून जाताना ताटात अंड्याचा तुकडा टाकून पुढे निघून जा. माणूस जवळ आला की वाढतं, कमी होत नाही, हे आठवडाभरात डोक्यात बसतं. तोंडात काही धरलं असेल तर हिसकावू नका, ‘सोड’ म्हणून त्याहून चांगलं पुढे करा. कपाशीच्या आणि केळीच्या मळ्यात हे फार उपयोगी पडतं, कारण तिथे तोंडात येणारी वस्तू कीटकनाशकाचं रिकामं पाकीट किंवा उंदरांसाठी ठेवलेली गोळीही असू शकते. तसंच जनावरांच्या गोचिडांवरचं औषध पिलाला चोळू नये. त्याचा जोर मोठ्या जनावराच्या हिशेबाचा असतो, आणि पिल्लू अंग चाटतं.

साखळीबद्दल थोडक्यात. फाटकाशी बांधलेलं पिल्लू दिवसभर सगळं बघतं आणि कशापर्यंतच पोचत नाही. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यावर हिसका आणि गळ्याला काच. महिनाभरात रस्त्यावरचं प्रत्येक माणूस म्हणजे गळ्याचं दुखणं, असं गणित पक्कं होतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाच आहे. छातीवरून जाणारा पट्टा, सहा फुटांची हलकी दोरी, आणि ओढलं की आपण जागीच थांबायचं, दोरी सैल पडली की चालायचं. पहिल्या आठवड्यात दहा पावलांना पाच मिनिटं लागतात.

होळी झाली की ऊन तापतं आणि शाळेची वेळ बदलावी लागते. सकाळी सातच्या आत, संध्याकाळी अंधार पडल्यावर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर पिलाच्या तळव्यांनाही सोसत नाही. जीभ लांब बाहेर, घट्ट लाळ, लटपटणं दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी, पंखा, आणि दवाखाना. धुळवडीचे रंग अंगावर टाकू नका, ते चाटण्यातून पोटात जातात.

शेवटी रेबीज. ‘एवढंसं तर पिल्लू, दात लागला तर काय होतंय’ हे वाक्य जीवघेणं आहे. उचलून आणलेल्या पिलाची आई कोणती, तिला काय झालं होतं, हे कोणालाच माहीत नसतं, आणि पिलांनाही रेबीज होतो. दात किंवा नख लागून कातडी फुटली, किंवा ओल्या जखमेवर चाटलं, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवायचं. मिरची, चुना, हळद, तेल काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं, तेही मागायचं. मधले डोस चुकवायचे नाहीत. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यांकडे एक मागणी. लसीकरणाच्या कार्डाची मागची बाजू बहुधा कोरीच असते. तिथे आठव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे सात चौकोन आखून ‘या आठवड्यात पिलाने काय नवं पाहिलं, ऐकलं’ असं छापावं, आणि पुढच्या लसीला पिल्लू आलं की तारखेबरोबर तेही विचारावं. कार्ड छापायला यात जास्तीचा कागदही लागत नाही.

आपला,
एक वाचक, भुसावळ